बंड्याचा पार्व्हो भुरीला लागला का? (सोलापूर)

कोरांटी | ११ मे, रात्री ११:१०

नमस्कार. जुळे सोलापुरात राहते. चार दिवस लिहू की नको करत होते, पण प्रश्न डोक्यातून जात नाही.

आमचा बंड्या, लॅब्रॅडॉरचं पिल्लू, ७० दिवसांचा, बुधवारी पहाटे गेला. गेल्या रविवारी सकाळी त्याने दुधाला तोंड लावलं नाही. दुपारी पिवळ्या फेसाची उलटी, रात्री रक्ताची पातळ शी. तो वास ज्यांनी एकदा घेतलाय त्यांना सांगायला नको. सोमवारी डॉक्टरांनी पट्टीवर तपासलं, दोन रेघा आल्या. पार्व्हो, पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. दोन दिवस सलाईन चालू होतं. बाहेर ४३ डिग्री, त्यात लाइट जायची, मी हातपंख्याने वारा घालत बसायचे.

लस दिलेली होती. ज्यांच्याकडून आणला त्यांनी ३० व्या दिवशी एक दिली होती, कार्डावर स्टिकर आहे. ६० व्या दिवशी आम्ही दुसरी दिली.

आता शुक्रवारपासून आमची मांजर भुरी आजारी आहे. आठ महिन्यांची, तिला लस कधीच दिली नव्हती, ही माझी चूक. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसते, पण पाणी पीत नाही. त्याच पट्टीवर तिची शी तपासली, पुन्हा दोन रेघा. रक्तात पांढऱ्या पेशी ९०० वर आल्यात.

दोन गोष्टी कळत नाहीत. लस देऊनही बंड्याला कसा झाला? कुणी म्हणतं नवीन स्ट्रेन आलाय, त्याला ही लस लागू पडत नाही. आणि दुसरं, बंड्याचंच भुरीला लागलं का? दोघांचं सगळं मीच करत होते. याच हातांनी.

मागवाला | ११ मे, रात्री ११:३२

ताई, लै वाईट वाटलं. आमच्या विडी घरकुलात या उन्हाळ्यात गल्लीतली पाच पिल्लं अशीच गेली की ओ. रक्ताची हगवण लागली की दोन दिवसांत खेळ खलास. लोकं लसूण कुटून गुळात घालून द्यायलेत. एक बी वाचलं नाही. काय करावं कळंना झालंय. डॉक्टर लोकांपैकी कुणी असेल तर सांगा.

खुरपाऊल | ११ मे, रात्री ११:५८

मी पशुवैद्य आहे. कोरांटीताई, बाकीचं नंतर, आधी भुरी.

मांजरांच्या या आजाराला पॅनल्युकोपेनिया म्हणतात. सगळ्या पांढऱ्या पेशी घटतात, नावच तसं आहे. ९०० हा आकडा गंभीर आहे, पण यातून मांजरं वाचतात. शिरेतून सलाईन, उलटीवर इंजेक्शन, आतड्यातले जंतू रक्तात उतरू नयेत म्हणून प्रतिजैविक, आणि उलटी थांबली की त्याच दिवशी बोटावर घेऊन थोडं पातळ खाणं. दोन दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता सोडून दिली आहे. आतड्याला अन्न मिळालं तर ते लवकर भरून येतं.

ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते. फरशीला फिनेल लावू नका, ते मांजराच्या यकृताला झेपत नाही, आणि या विषाणूचं त्याने काही बिघडतही नाही. सॅनिटायझरनेही नाही. या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे ते विरघळवून मारणारे उपाय इथे निरुपयोगी आहेत. सोडियम हायपोक्लोराइट आणा, ५ टक्क्यांचं असेल तर एक वाटीला तीस वाट्या पाणी. आधी फरशी साबणाने घासून घाण पूर्ण काढायची, मग हे पाणी ओतून दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. घाणीवर ओतलं तर ब्लीच घाणीतच संपतं. भुरीला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा.

मागवालादादा, लसूण बंद करा. कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी लसणाने फुटतात. आधीच रक्त जात असलेल्या पिल्लाला आपणच आणखी खाली ढकलतो.

सातरस्ता | १२ मे, सकाळी ८:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लसी चाळीस वर्षांपूर्वीच्या विषाणूच्या आहेत. विषाणू बदलला, २ए झाला, २बी झाला, आता २सी. बाटलीत मात्र तेच. माझाही रॉटवायलर दोन वर्षांपूर्वी असाच गेला, लस दिलेली असताना. लोकांकडून पैसे घ्यायचे आणि जुना माल टोचायचा, याला काय म्हणायचं?

एकपेडी | १२ मे, दुपारी १:४०

सातरस्ता, तुमच्या कुत्र्याचं वाचून वाईट वाटलं. विषाणू बदलला हे तुमचं म्हणणं खरं आहे, ते नीट मांडते. मी मूळची साखर पेठेतली, सध्या पुण्यात विषाणूंवरच काम करते.

गोष्ट मांजरापासून सुरू होते. मांजरांचा हा आजार १९२० च्या दशकापासून माहीत आहे. १९४० च्या दशकात तो मिंक नावाच्या फरच्या प्राण्यात दिसला. कुत्र्यांना असं काही होत नव्हतं. मग १९७८ साली एकाएकी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात कुत्री रक्ताची हगवण होऊन मरू लागली, पिल्लं हृदय बंद पडून जाऊ लागली, आणि दोनेक वर्षांत हा आजार जगभर गेला. जगातल्या एकाही कुत्र्याने हा विषाणू आधी पाहिलेला नव्हता. युरोपात साठवून ठेवलेली जुनी रक्तं तपासली तेव्हा कळलं की १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तो तिथे दबकत फिरत होता. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंद झाली, मद्रासकडून. त्याला 'कॅनाइन पार्व्हो २' म्हणतात, कारण कुत्र्यांचा एक वेगळाच छोटा विषाणू १९६७ मध्ये सापडून '१' हा आकडा घेऊन बसला होता.

हा आला कुठून? मांजराच्या विषाणूसारख्याच एका पूर्वजापासून. मांजराचा विषाणू (एफपीव्ही) आणि कुत्र्याचा (सीपीव्ही) यांच्या कवचाच्या प्रथिनात, व्हीपी-२ मध्ये, ५८४ अमिनो आम्लं (प्रथिनाचे दुवे) असतात. मूळच्या दोघांत ठळक फरक जेमतेम सहा-सात जागांवर आहे. त्यातही ९३ आणि ३२३ या दोन जागा निर्णायक. पेशीच्या अंगावर लोह आत घेणारा एक दरवाजा असतो, ट्रान्सफेरिन रिसेप्टर. विषाणू त्यालाच हात घालून आत शिरतो. मांजराचा दरवाजा आणि कुत्र्याचा दरवाजा किंचित वेगळे आहेत. या दोन जागा बदलल्या आणि कुत्र्याचा दरवाजा उघडला.

पण पहिल्या सीपीव्ही-२ ने कुत्रा मिळवला तेव्हा मांजर गमावलं. तो मांजरात वाढतच नव्हता. मग १९८० च्या आसपास २ए आला. कवचावर पाचेक जागा बदललेल्या, ८७, ३०० आणि ३०५ त्यातल्याच. त्याने मूळ २ ला बाजूला सारलं, आणि त्याला मांजरही पुन्हा मिळालं. आज मूळ सीपीव्ही-२ रस्त्यावर सापडत नाही, काही लसींच्या बाटल्यांत तेवढा उरला आहे.

२ए, २बी, २सी ही अक्षरं फक्त एका जागेवरून दिली जातात, ४२६ वरून. तिथला डीएनएचा तीन अक्षरी संकेत ए-ए-टी असेल तर ॲस्पराजिन, म्हणजे २ए. पहिल्या अक्षराचा जी झाला, जी-ए-टी, की ॲस्पार्टिक ॲसिड, म्हणजे २बी, तो १९८४ मध्ये दिसला. शेवटचं अक्षर ए झालं, जी-ए-ए, की ग्लुटामिक ॲसिड, म्हणजे २सी, तो इटलीत २००० मध्ये ओळखला गेला. दोन अक्षरं, बस. पण एकाच आडनावाचे सगळे भावकीतले नसतात. तसंच दोन २सी एकमेकांच्या जवळचे असतीलच असं नाही. पूर्ण जनुकं वाचली तर एखादा २सी शेजारच्या २ए चा सख्खा भाऊ निघतो आणि दूरच्या २सी चा कुणीच नाही. आशियातला एक २सी वेगळा ओळखू येतो: २६७ वर टायरोसिन, ३२४ वर आयसोल्युसिन, ३७० वर आर्जिनिन. चीनकडे तो पसरला, २०१७ मध्ये इटलीतही सापडला. भारतात बरीच वर्षं २ए चा जोर होता, अलीकडे २सी बऱ्याच राज्यांतून सापडतोय.

विषाणूचा सगळा जनुकसंच साधारण ५,००० अक्षरांचा, तोही एकपदरी. डीएनएचा विषाणू असूनही तो आरएनए विषाणूंच्या जवळपास वेगाने बदलतो. ढोबळ हिशेब केला तर पूर्ण जनुकसंचात दोन वर्षांत एखादं अक्षर.

आता लस. ती बहुतेक वेळा मूळ २ ची किंवा २बी ची असते. मुद्दाम २सी देऊन या लसी तपासल्या गेल्या आहेत आणि लस घेतलेली कुत्री वाचली आहेत. कवच इतकं सारखं आहे की एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्यालाही धरतात. म्हणून लस देऊनही पिल्लू गेलं की माझी पहिली शंका अक्षरावर जात नाही, तारखांवर जाते. त्यावर खुरपाऊल यांनी लिहावं, ते रोज बघतात.

कोरांटीताई, पट्टी कुत्र्याचा आणि मांजराचा विषाणू वेगळा ओळखत नाही. दोघांचे नमुने उरलेत का?

खुरपाऊल | १२ मे, रात्री ९:०५

तारखांचं सांगतो. याच्यावर माझं रोज भांडण होतं, म्हणून जरा सविस्तर.

पिल्लू जन्मतं तेव्हा पहिल्या दिवसाच्या चिकातून आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात जातात. ती विषाणूला अडवतात, आणि लसीलाही अडवतात, कारण लस म्हणजे अशक्त केलेला जिवंत विषाणूच. ही प्रतिपिंडं साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होतात. एक वेळ अशी येते की ती खऱ्या विषाणूला अडवण्याइतकी उरत नाहीत, पण लसीला निकामी करण्याइतकी असतात. दोन-तीन आठवड्यांचा हा काळ. पिल्लू उघडं पडतं आणि आपण टोचलेलं वाया जातं. एका पिल्लाचा हा काळ सहाव्या आठवड्यात येतो, दुसऱ्याचा बाराव्या. एकाच विणीतल्या दोन भावांतही फरक पडतो, कुणी चीक जास्त प्यायला यावर.

बंड्याला ३० व्या दिवशी दिलेली लस आईच्या प्रतिपिंडांनी बहुधा गिळून टाकली. ६० व्या दिवसाची कदाचित तशीच गेली, किंवा लागायला वेळ मिळण्याआधी विषाणू आत शिरला. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत तीन ते सात दिवस जातात.

म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची आणि शेवटची सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. ही शेवटची खरी. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या सूचनांतही हेच आहे, आणि पुढची मात्रा वर्षाने देण्यापेक्षा २६ व्या आठवड्यात द्या असं २०२४ च्या सूचना सांगतात. आपल्याकडे '४५ दिवसांना एक, मग एक बूस्टर, झालं' असं चालतं. विकणारे ३० व्या दिवशी टोचून कार्ड देतात, घेणाऱ्याला वाटतं पिल्लू सुरक्षित झालं, आणि ते बागेत फिरायला जातं. सातरस्ता, तुमच्या कुत्र्याचं कार्ड असेल तर शेवटच्या लसीच्या दिवशी त्याचं वय काय होतं, एकदा बघा. रॉटवायलर आणि डॉबरमनला हा आजार जास्त जोरात होतो, हेही आहे.

आणखी एक गोष्ट सोलापूरची. लस २ ते ८ डिग्रीत राहायला हवी. दुकानातून दवाखान्यापर्यंत एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीतून आली, तर बाटलीवरची तारीख कितीही पुढची असो, आत काही उरत नाही. बर्फाच्या डब्यातून आणा, आणि पूड पाण्यात मिसळली की तासाभराच्या आत टोचून घ्या. हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. मला विचारलेलं आवडतं.

गॅलरीतली तुळस | १३ मे, सकाळी १०:२०

माझी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एका पिल्लाला पार्व्हो झालाय. तिच्या डॉक्टरांनी पार्व्होबद्दल काळजी घ्यायला सांगितली होती असं ती म्हणते. तिला माहेरी पाठवू का?

एकपेडी | १३ मे, सकाळी १०:५०

नका पाठवू. बहिणीच्या डॉक्टरांनी सांगितला तो माणसांचा पार्व्हो बी-१९, १९७५ मध्ये सापडलेला. तो लहान मुलांकडून येतो, गालांवर लाली उठते, आणि गरोदरपणात बाळाला त्रास होऊ शकतो. नाव सारखं, कारण पार्व्हो म्हणजे लॅटिनमध्ये फक्त 'लहान'. कुत्र्या-मांजराचा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही. बहिणीला शाळेतल्या अंगावर पुरळ आलेल्या मुलांपासून जपा, पिल्लापासून नको. पण तुमच्या चपलांवरून तो विषाणू दुसऱ्या पिल्लाकडे जाऊ शकतो, तेवढं लक्षात ठेवा.

गरोदर मांजरीची मात्र काळजी घ्यावी लागते. तिला एफपीव्ही झाला, किंवा तिला जिवंत लस टोचली, तर पोटातल्या पिल्लांचा तोल सांभाळणारा छोटा मेंदू नीट वाढत नाही. अशी पिल्लं आयुष्यभर डुलत, तोल जात चालतात. गाभण मांजरीला जिवंत लस देऊ नये.

मागवाला | १३ मे, दुपारी २:१५

आमच्या गल्लीत अशीच एक मांजर हाय, जन्मापासून दारू प्याल्यागत चालते. लोकं हसतात तिला. आता कळालं. घरच्यांना सांगितलं, आजपासून तिला पायरीवर नाही, खाली फरशीवर खायला ठेवणार.

कोरांटी | १४ मे, रात्री १०:००

भुरीच्या पांढऱ्या पेशी आज १,८०० झाल्या. दुपारी बोटावरचं उकडलेल्या कोंबडीचं पाणी चाटलं. फक्त तीन वेळा चाटलं, पण मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

एकपेडी, दोघांचे नमुने डॉक्टरांच्या फ्रीजरमध्ये आहेत. त्यांनी स्वतःच ठेवले होते. तुम्ही सांगाल तसे पाठवते. सातरस्ता, मला आणखी एक भीती आहे, बोलून टाकते. ६० व्या दिवशी लस, ६७ व्या दिवशी आजार. लसीनेच तर झालं नाही ना?

सातरस्ता | १४ मे, रात्री १०:४०

ताई, हाच प्रश्न मी दोन वर्षं धरून बसलोय. कार्ड काढून पाहिलं. शेवटची लस ६५ व्या दिवशी. म्हणजे सोळा आठवडे झालेच नव्हते. मला कुणी सांगितलंच नाही. तुमचा अहवाल येईल तो इथे टाका, मला वाचायचा आहे.

माळरान | १६ मे, सकाळी ६:५०

थोडं वेगळं विचारतो, पण याच विषयाचं. आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जातो. माळढोक तर आता दिसणं कठीण, पण लांडगे आणि खोकड आहेत. आसपासच्या वाड्यांवरची कुत्री रोज त्याच माळावर असतात. हे सगळं वाचून आमच्या गटाने ठरवलं की वर्गणी काढून गावातल्या सगळ्या मोठ्या कुत्र्यांना पार्व्होची लस द्यायची, म्हणजे लांडग्यांची पिल्लं वाचतील. हे बरोबर आहे ना?

एकपेडी | १६ मे, रात्री ८:३०

काळजी अगदी रास्त आहे. अमेरिकेत सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. तिथे १९८० मध्ये ५० लांडगे होते, १९८२ मध्ये १४ उरले. त्याच सुमारास पार्व्हो बेटावर पोचला होता.

पण मोठ्या कुत्र्यांना लस देण्याआधी हे वाचा. नान्नजच्याच माळावर संशोधकांनी २१९ कुत्री आणि ३३ खोकड तपासले, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पार्व्होची प्रतिपिंडं ८८ टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत होती, आणि खोकडांत ४८ टक्के. म्हणजे वाड्यांवरची बहुतेक मोठी कुत्री हा आजार लहानपणी काढून, वाचून, आधीच सुरक्षित झालेली आहेत. जी वाचली नाहीत ती मोजायला उरलीच नाहीत. अशा मोठ्या कुत्र्यांना लस देऊन फारसं काही साधणार नाही, हाच त्या अभ्यासाचाही निष्कर्ष. वर्गणी दर वर्षी नव्याने येणाऱ्या पिल्लांवर घाला. त्याहून जास्त उपयोग होईल तो पिल्लंच कमी जन्मतील यासाठी नसबंदीवर. आणि डिस्टेंपर, कुत्र्यांचा दुसरा एक विषाणूचा आजार, विसरू नका. त्याच अभ्यासात डिस्टेंपर चालू असलेले खोकड मोठ्या प्रमाणात मेलेले आढळले. कुत्र्यांच्या एकत्र लसीत दोन्ही असतात.

मागवाला | १६ मे, रात्री ९:१०

माळरानदादा, आमच्या मामाची मेंढरं असतात त्या बाजूला. धनगरांची कारवानी कुत्री रात्रभर माळावर, लांडग्याच्या मागे. त्यांच्या पिल्लांपासून सुरू करा. मामाला मी सांगतो, तो बाकीच्या वाड्यांना सांगंल. बाहेरची माणसं सुई घेऊन आली की धनगर कुत्रं धरू देत नाही, घरचं माणूस सोबत लागतं.

कोरांटी | २२ मे, संध्याकाळी ६:१५

भुरी घरी आली. वजन निम्मं झालंय, पण काल रात्री शेंगाचटणीच्या डब्यावरून उडी मारून खिडकीत गेली. नमुने पुण्याला पोचलेत.

कोरांटी | ९ जुलै, रात्री ९:४५

अहवाल आला. एकपेडी, मला अर्धाच समजला, तुम्ही लिहा.

एकपेडी | ९ जुलै, रात्री ११:२०

दोन्ही नमुन्यांचं व्हीपी-२ पूर्ण वाचलं.

बंड्या: ४२६ वर ग्लुटामिक ॲसिड, म्हणजे २सी. २६७ वर टायरोसिन, ३२४ वर आयसोल्युसिन, ३७० वर आर्जिनिन. वर लिहिला तोच आशियाई २सी. ताई, तुमच्या भीतीचं उत्तर यातच आहे. ६० व्या दिवशी दिलेल्या लसीत मूळ सीपीव्ही-२ होता, बाटलीचा फोटो तुम्ही पाठवला होता. बंड्याला मारणारा विषाणू तो नव्हे. लसीने झालं नाही. तो रस्त्यावरचा होता.

भुरी: ९३ वर लायसिन, १०३ वर व्हॅलिन, ३२३ वर ॲस्पार्टिक ॲसिड. हा कुत्र्याचा विषाणूच नाही. मांजराचा जुना एफपीव्ही आहे. दोन वेळा तपासलं, कारण मलाही २सी येईल असंच वाटलं होतं. दिवस जुळत होते, घर एक, हात एक. तरी दोन वेगळे विषाणू निघाले. एफपीव्ही कुत्र्याच्या आतड्यात वाढून शीतून बाहेर पडत नाही, त्यामुळे भुरीकडून बंड्याला गेला असंही नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. भुरीच्या विषाणूत ४२६ वर ॲस्पराजिन आहे, कारण एफपीव्हीत ते तसंच असतं. नुसती ४२६ ची जागा तपासून थांबलो असतो तर कागदावर '२ए' लिहिलं गेलं असतं, आणि कुत्र्याचा विषाणू मांजरात आला अशी आणखी एक चुकीची नोंद झाली असती. म्हणून मांजराचा नमुना असेल तर ९३ आणि ३२३ बघितल्याशिवाय नाव देऊ नये.

सातरस्ता | १० जुलै, सकाळी ७:३०

म्हणजे २सी असूनही लस चालली असती, वेळेवर दिली असती तर?

खुरपाऊल | १० जुलै, सकाळी ९:००

बंड्याच्या बाबतीत खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. ७० दिवसांत सोळा आठवडे होतच नाहीत, त्यामुळे वेळ चुकली असंही त्याच्या माणसांना म्हणता येत नाही. त्या वयात पिल्लाला वाचवतं ते बाहेर न नेणं, पायताण दाराबाहेर ठेवणं, अनोळखी कुत्र्यांच्या जागी खाली न सोडणं. माझ्याकडे सोळा आठवड्यांनंतरची लस नीट झालेली कुत्री पार्व्होने फार क्वचित येतात. तुमचं पुढचं पिल्लू आलं की मला कळवा, तारखा मी लिहून देईन. जुन्या अंगणात माती असेल तर वर्षभर तरी नवं पिल्लू आणू नका. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो आणि मातीला ब्लीच लागू पडत नाही.

कोरांटी | १० जुलै, रात्री १०:३०

दुपारपासून तीन वेळा वाचलं. मी दोन महिने हात धुताना एकच विचार करत होते.

लेकीला विचारलं. मार्चपासून ती शाळेतून येताना आमच्या मागच्या बोळात एका मांजरीच्या पिल्लांना दूध ठेवत होती. चार होती. मे महिन्यात तीन मेली, तिने रडायला नको म्हणून मला सांगितलं नव्हतं. त्याच सँडल घालून ती भुरीजवळ बसायची. मी तिला रागावले नाही. तिला पिल्लांवर माया आहे, आणि मला भुरीला लस द्यायचं सुचलं नव्हतं.

चौथं पिल्लू जिवंत आहे, आता साधारण चार महिन्यांचं. आज त्याला टोपलीत घालून नेलं आणि मांजरांची लस दिली. खुरपाऊल, तुमच्या सांगण्याप्रमाणे महिन्याने पुन्हा नेते. आईमांजर गाभण दिसते, तिला हात लावला नाही.

मागवाला | ११ जुलै, सकाळी ६:४०

ताई, भुरी वाचली, बरं झालं. येत्या रविवारी आमच्या घरकुलात गल्लीतल्या पिल्लांना लस द्यायचं ठरलंय, मोजून चौदा हायेत. डॉक्टर यायलेत. दुसरी फेरी चार आठवड्यांनी, तिसरी त्यानंतर, सगळी वहीत लिहून ठेवलंय, कुठलं पिल्लू कोणत्या दारातलं ते सुद्धा. मामाकडचं त्याच्या पुढच्या रविवारी, माळरानदादा गाडी घेऊन येणार.

बर्फाचा डबा एकच मिळालाय. कुणाकडं अजून असेल तर सांगा.

सातरस्ता | ११ जुलै, सकाळी ७:०५

माझ्याकडे मोठा आहे, झाकण घट्ट बसतं. सकाळी सातला घेऊन येतो. पत्ता पाठवा.